थांबलेल्या शकुंतलेच्या वाटेने

वऱ्हाडातली काळी माती चालणाऱ्याची परीक्षा पाहते. पावसाळ्यात ती पायातली वहाण ओढून घेते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि हिवाळ्यात पांदण रस्त्यावरच्या बैलगाडीच्या चाकोऱ्या अशा टणक वाळतात की धडधाकट माणसाचाही पाय मुरगळावा. अंजनगाव सुर्जीला माझ्या वडिलांना फिरायला न्यायचे तर कुठे न्यायचे, हा आमच्या घरातला जुना प्रश्न. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधांच्या खाली एक ओळ लिहून दिली होती, रोज चालावे. लिहिणाऱ्याला ती ओळ सोपी असते. बाजाराच्या रस्त्यावर मोटारसायकलींचे कर्णे, गल्लीत उंचसखल फरश्या, घराच्या अंगणात येऊनजाऊन वीस पावले. आणि बाबांना सहा वर्षांपासून कंपवात आहे.

कंपवात म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे थरथरणारा हात येतो. ज्याच्या घरी हे दुखणे आहे त्याला ठाऊक असते की हाताच्या कंपापेक्षा पायांचे अडणे अधिक जाचक. चालता चालता पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. मन पुढे गेलेले, धड पुढे झुकलेले आणि पाऊल मात्र उचलत नाही. हे नेमके घडते ते दाराच्या उंबऱ्याशी, अरुंद जागेत, वळताना, कोणी मागून घाई केली तर. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उभी हयात शिक्षक म्हणून फळ्यासमोर उभे राहून गेली. न्हाणीघराच्या दाराशी पाच-पाच मिनिटे उभे राहावे लागते याची त्यांना लाज वाटे आणि ती लाज ते रागाने झाकीत. हळूहळू त्यांनी बाहेर पडणेच सोडले.

रेल्वेच्या वाटेची आठवण त्यांनीच काढली. मागल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, नववीतला, त्याने सहज विचारले, "आबा, तुम्ही शाळेत असताना अचलपूरला कसे जात होते?" बाबा म्हणाले, "शकुंतलेनं." मग थोडे थांबून म्हणाले, "स्टेशनाकडं चक्कर मारू एखाद्या दिवशी."

शकुंतला हे नाव विदर्भाबाहेरच्या वाचकांना कदाचित नवे वाटेल. यवतमाळहून मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूरहून अचलपूर असा हा अरुंदमापी लोहमार्ग. रुळांमधले अंतर फक्त 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. यवतमाळची बाजू सुमारे 113 किलोमीटरची आणि अचलपूरची सुमारे 76. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ब्रिटिशांच्या किलिक निक्सन या व्यापारी पेढीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही मालमत्ता. हेतू अगदी उघड होता. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लायनीवर आणायचा, तेथून मुंबईच्या बंदरात आणि तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांत. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी ही चिमुकली वाट कंपनीच्या मालकीची राहिली आणि तिच्यावर गाडी मात्र सरकारी रेल्वेची धावली. या विचित्र कराराविषयी आमच्याकडे पारावर अजूनही तावातावाने बोलले जाते.

गाडीचा थाट निराळाच. मँचेस्टरमध्ये घडलेले वाफेचे इंजिन 1994 पर्यंत तिला ओढत होते, मग डिझेलचे आले. मूर्तिजापूर ते अचलपूर या 76 किलोमीटरांना चार तास लागत. फाटकापाशी गाडी थांबे, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे जाई, पुन्हा थांबे आणि फाटक उघडून तो परत चढे. तिकीटही गार्डच देई. शेतमजूर, भाजीवाल्या, शाळेची मुले, लेकीबाळींकडे जाणाऱ्या म्हाताऱ्या यांची ती गाडी होती, कारण बसच्या भाड्यापेक्षा तिचे भाडे फार कमी होते. आधी यवतमाळची बाजू थांबली, नंतर आमची. आता रूळ आहेत, गाडी नाही.

पहिल्या दिवशी आम्ही रिक्षाने स्थानकापर्यंत गेलो. नोव्हेंबरची सकाळ, साडेसातचा सुमार. फलाट जमिनीपासून जेमतेम वर, त्यामुळे चढायला पायरी अशी नव्हतीच. कडुनिंबाखाली बाबा बसले. मग उठले आणि रुळांच्या दिशेने चार पावले गेले. मी धास्तावले. आजवरच्या अनुभवाने, जमीन बदलली की त्यांचे पाय अडणार हे मला माहीत होते. स्थानकालगत रुळांमधली खडी केव्हाच मातीत बुजून गेली आहे. पावसाने वाहून आलेली माती स्लीपरांच्या माथ्याबरोबर सपाट बसली आहे, त्यामुळे स्लीपर वर उठलेले नाहीत, पाटीवर ओढलेल्या रेघांसारखे फक्त दिसतात. बाबांनी पहिल्या रेघेवर पाय ठेवला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. घरात घासत, अर्ध्या वितीच्या पावलांनी चालणारा माणूस चांगले पाऊलभर अंतर टाकत पुढे निघाला. मी मागे धावले. भाचा मोठ्याने मोजू लागला. बत्तिसाव्या स्लीपरवर ते थांबले, तेही स्वतःच्या इच्छेने.

त्या दिवशी मला हा चमत्कारच वाटला. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते हसले आणि त्यांनी उलगडून सांगितले. चालणे ही एरवी आपोआप होणारी क्रिया आहे. मेंदूच्या खोल भागातली केंद्रे पावलाचे माप आणि लय परभारे सांभाळतात, आपल्याला विचार करावा लागत नाही. कंपवातात डोपामिन या रसायनाची उणीव झाल्याने नेमकी ही आपोआप चालणारी यंत्रणा बिघडते. पायांतली ताकद बहुधा शाबूत असते. अशा वेळी डोळ्यांना समोर आडवी रेघ दिसली आणि 'ही ओलांडायची' असे ध्येय मिळाले, की मेंदू दुसऱ्या, जाणीवपूर्वक हालचालीच्या मार्गाने पाऊल उचलतो. 1967 मध्ये जेम्स पर्डन मार्टिन या ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञांनी जमिनीवरच्या आडव्या रेघांचा हा परिणाम नोंदवला होता आणि तेव्हापासून भौतिकोपचारात त्याचा उपयोग होत आला आहे. रेघा आडव्याच हव्यात, चालण्याच्या दिशेला समांतर असलेल्या रेघांनी तसे साधत नाही. लयीचाही असाच आधार मिळतो: कोणी ठेक्यात मोजले, टाळी वाजवली, मनात एखादे भजन धरले तरी पाय सुटतात. सर्वांनाच सारखा उपयोग होतो असे मात्र नाही, आणि एकाच माणसालाही रोज सारखा होत नाही.

मग आठवड्यातून तीन-चार दिवस आमचे जाणे सुरू झाले. या वाटेचा आणखी एक गुण हळूहळू ध्यानात आला. लोखंडी चाक लोखंडी रुळावरून घसरू नये म्हणून रेल्वेला चढ-उतार फार सौम्य ठेवावे लागतात. त्यातून पूर्णेचे खोरे मुळातच सपाट. त्यामुळे या वाटेवर दम लागेल असा चढ नाही, गुडघ्यांना दचका बसेल असा उतार नाही. दुसरे म्हणजे भराव. सभोवतालच्या शेतांपेक्षा रूळ थोडे उंचावर आहेत, म्हणून पाऊस उघडल्यावर पांदण आठ दिवस चिखलात असली तरी भरावावरची वाट दोन दिवसांत वाळते. शंभर वर्षांपूर्वी ज्या इंजिनियरांनी ती आखली त्यांच्या मनात कापसाच्या गाठी होत्या, बाबा नव्हते. पण लाभ झाला तो बाबांना.

आता पडण्याची गोष्ट सांगितली पाहिजे. ती लपवून हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

जानेवारीत बाबांचा उत्साह वाढला होता. स्थानकापासून काही अंतरावर एक लहान मोरी आहे. तिच्या अलीकडे माती सरून खडी उघडी पडते, स्लीपर वर येतात, मधल्या जागा खोल होतात. तेथूनच परतायचे असा आमचा नियम. त्या दिवशी मला घरी लवकर पोहोचायचे होते, पाहुणे येणार होते. बाबा वळता वळता अडले. मी "चला ना बाबा" म्हणून त्यांचा दंड धरून ओढला. पाय जागेवरच राहिले आणि शरीर माझ्याकडे आले. ते एका कुशीवर पडले. मनगटाला सूज आली, कोपर खरचटले, हाड मोडले नाही हे नशीब. भाऊ संध्याकाळी माझ्यावर फार चिडला. म्हणाला, "आधी घरी होते तर निदान धड होते." त्याचे बोलणे मला खोटे म्हणता आले नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि बाबांनाही लागली नसावी, कारण पहाटे ते हाका मारून म्हणाले, "माय, ओढू नको फक्त. मी येतो ना."

तीन आठवडे आम्ही गेलो नाही. भौतिकोपचार करणाऱ्या ताई घरी आल्या, त्यांनी बाबांना उभे केले, बसवले, वळायला लावले आणि माझ्याशीच अधिक बोलल्या. अडलेल्या माणसाला ओढायचे नाही, ढकलायचे नाही आणि 'चला, चला' असा धोशाही लावायचा नाही, हे त्यांनी तीनदा सांगितले. पाय अडला की आधी पूर्ण थांबायचे, एक श्वास घ्यायचा, मग शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर असा डोलवायचा, आणि मगच मोठे पाऊल टाकायचे. वळताना एका जागी फिरकी घ्यायची नाही, बैलगाडी वळते तसा मोठा फेर घ्यायचा. सोबत्याने किंचित मागे आणि बाजूला राहायचे. चालता चालता गप्पा नकोत, कारण मेंदू बोलण्यात गुंतला की पावलांकडे त्याचे लक्ष राहत नाही. बोलायचे असेल तर थांबून बोलायचे. हातात पिशवी नको. सपाता किंवा चपला नकोत, टाच धरून ठेवणारे बूट हवेत. चालण्याची वेळ औषधाच्या वेळेशी जुळवायची. गोळीचा असर चढलेला असतो त्या तासात बाहेर पडायचे, उतरत आला की घरी असायचे. आणि बाकावरून एकदम उठायचे नाही, कारण या आजारात उठताच रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते. हे सारे बाबांच्या प्रकृतीनुसार सांगितलेले आहे. आपल्या घरच्या माणसाला कोणती वाट आणि किती चालणे मानवेल, हे त्यांना तपासणाऱ्याकडूनच विचारून घ्यावे.

त्यानंतर आम्ही पुन्हा गेलो. खडी उघडी पडते तेथपर्यंत आता आम्ही जातच नाही. माती सपाट बसलेला तेवढाच तुकडा जायचा आणि यायचा, जमेल तितक्या वेळा. बाकीच्या भागात रुळांशेजारून गुराख्यांनी पाडलेली पायवाट आहे, तिच्यावरून मी आणि भाचा पुढे जाऊन येतो. बाबा कडुनिंबाखाली बसून आमची वाट पाहतात आणि आल्यावर काय काय पाहिले ते विचारतात.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे. उत्तरेला गाविलगडाचे डोंगर, हिवाळ्याच्या सकाळी निळसर, उन्हे वर आली की विरळ होत जाणारे. 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी गाविलगड घेतला आणि पंधराच दिवसांनी शिंद्यांशी जो तह झाला तो आमच्या या गावी. शाळेत बाबा हा तह शिकवताना मुलांना खिडकीतून डोंगर दाखवीत. डोंगरापासून अलीकडे नजर आणली की संत्र्याच्या बागा, कपाशी, तूर आणि मध्येच गर्द हिरवे, सावलीने भरलेले चौकोन दिसतात. ते पानमळे. शेवरी, हादगा, पांगारा यांच्या आधाराने पानवेल वर चढवलेली असते. याच मळ्यांतून पानपिंपळीही होते. सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून जे त्रिकटू होते त्यातली ही पिंपळी. अंजनगावचे बारी कुटुंबांतले लोक ती पिढ्यान्‌पिढ्या पिकवत आले आहेत. मळ्याच्या कडेने जाताना अंगावर ओलसर गारवा येतो. उन्हातून सावलीत गेल्यावर डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही, तेव्हा वयस्क माणसाने तिथे थांबूनच पुढे जावे. फेब्रुवारी सरता सरता दूरवर एखादा पळस पेटतो. भाच्याने त्याची फुले आणून बाबांच्या हातात दिली, तर त्यांनी रंगपंचमीच्या रंगाची कृती त्याला सविस्तर सांगितली. ते चालत नव्हते, बसले होते, म्हणून ते सविस्तर बोलणे चालले.

माणसेही भेटतात. एक गुराखी रोज विचारतो, "कुठी चालले गुरुजी?" बाबांचे उत्तर ठरलेले, "पाथ्रोटले." पाथ्रोट हे अचलपूरच्या दिशेचे पुढचे मोठे गाव. आमचा पल्ला शे-दीडशे पावलांचा.

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात 1968 मध्ये बंद पडलेल्या एका लोहमार्गावर मॉन्सल ट्रेल नावाची पायवाट केलेली आहे. 2011 मध्ये तिच्यावरचे जुने बोगदे दिवे लावून चालणाऱ्यांसाठी खुले झाले आणि चाकाच्या खुर्चीतून जाणाऱ्यांनाही तेथे फिरता येते. स्पेनमध्ये 1993 पासून अशा बंद मार्गांच्या 'हिरव्या वाटा' करण्याचा उपक्रम चालू आहे. हे वाचून मी बाबांना उत्साहाने म्हटले, आपल्याकडेही असे व्हायला हवे. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपल्याले वाट नको. गाडी पाहिजे." शकुंतला पुन्हा सुरू व्हावी, रुंद मार्गाची व्हावी म्हणून या भागातले लोक वर्षानुवर्षे मागणी करीत आहेत, आंदोलने झाली आहेत. बाबांचेही मत तेच. बाजाराला जाणाऱ्या बाईला स्वस्तात गाडी मिळणे हे एका म्हाताऱ्याच्या फिरण्यापेक्षा मोठे, असे ते म्हणतात, आणि मला ते पटते. तरीही सकाळी ते रेघांवरून पावले टाकत जाताना पाहिले की गाडी इतक्यात येऊ नये असे माझ्या मनात येते. हे मी त्यांना सांगितलेले नाही.

कोणाला आपल्या वडीलधाऱ्यांना घेऊन या बाजूला यायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस बरे. मार्चनंतर सकाळी आठलाच ऊन टोचू लागते आणि एप्रिल-मेमध्ये विदर्भाचे ऊन म्हाताऱ्या शरीराच्या वाट्याला न आलेलेच चांगले. पाणी घरून न्यावे. दर्यापूरच्या आसपास तर पूर्णेचा खारपाणपट्टा, विहिरीचे पाणी मचूळ लागते. मूर्तिजापूरपर्यंत मोठी गाडी येते, पुढे बस आहे. हा मार्ग बंद असला तरी ही काही बाग नव्हे, जागा रेल्वेच्या वापरातली आहे. म्हणून स्थानकाच्या आवारात आधी विचारून घ्यावे, पूल आणि मोऱ्या यांच्यावर कदापि जाऊ नये आणि गवत वाढले असेल तेथे पाय घालू नये, साप असतात. मूर्तिजापूरच्या मोठ्या लायनीवर गाड्या अखंड धावत असतात, तिच्या जवळपास तर असा विचारही नको. आपल्या गावाजवळ जुना लोहमार्ग नसेल तर शाळेच्या सपाट मैदानावर चुन्याच्या आडव्या रेघा मारूनही काम होते.

आम्ही तसेच केले आहे. पावसाळ्यात स्थानकाकडे जाता येत नाही, म्हणून भाच्याने बाबांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत फरशीवर रुंद पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या. अंतर किती ठेवायचे यावर दोघांचा वाद झाला. बाबांनी स्लीपरच्या मापाचा आग्रह धरला, मग भौतिकोपचाराच्या ताईंनी त्यांची पावले पाहून ते थोडे कमी करायला लावले. एकूण अकरा पट्ट्या आहेत. उंबऱ्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. पहाटे मला त्यांचा आवाज ऐकू येतो. पहिल्या पट्टीवर ते अंजनगाव म्हणतात, मधल्या पट्ट्या नुसत्या आकड्यांनी मोजतात आणि न्हाणीघराच्या आत पाय पडला की जरा मोठ्याने म्हणतात, "पाथ्रोट."